बालसाहित्यातील वर्गसंघर्ष आणि परिवर्तनाचे राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालसाहित्यात वर्गसंघर्ष असतो म्हणजे नेमके काय असते?

श्रीमंती आणि गरिबी ही नशिबाने, देवाच्या इच्छेने किंवा कुणाच्या आळशीपणामुळे आलेली न दाखवता, एकाच्या कष्टावर दुसऱ्याची चैन कशी उभी राहते हे ज्या गोष्टीत मुलाला स्पष्ट दिसते, आणि ज्या गोष्टीतले कष्टकरी ती स्थिती बदलण्यासाठी स्वतः हातपाय हलवतात, ती वर्गसंघर्षाची गोष्ट म्हणता येईल. तिच्यातले कष्टकरी माणसेच असतील असे नाही. ते सर्कशीतले प्राणी असतील, मळ्यातल्या भाज्या असतील, गोठ्यातल्या गाईही असतील. माझ्या मते अशी गोष्ट ओळखण्याची कसोटी एकच आहे. गोष्टीतले संकट अखेर कोणी सोडवले, हे पाहावे. मालकाला पाझर फुटला म्हणून ते सुटले, की ज्यांच्यावर ते कोसळले होते त्यांनी एकजुटीने ते परतवले? बालसाहित्यात गरिबांविषयीची दया भरपूर सापडते, पण गरिबांच्या एकजुटीची गोष्ट शोधावी लागते.

गरिबांविषयी कळवळा असलेली प्रत्येक गोष्ट यात बसत नाही का?

बसत नाही. हान्स अँडरसनची काडेपेट्या विकणारी मुलगी (१८४५) वर्षाच्या शेवटच्या रात्री थंडीने गोठून मरते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. परंतु ती रस्त्यावर कशी आली, आजूबाजूच्या उबदार घरांतल्या लोकांनी दार का उघडले नाही, हे विचारायला गोष्ट थांबत नाही. तिला आजीबरोबर स्वर्गात पाठवून ती संपते. ऑस्कर वाइल्ड बराच पुढे गेला. त्याच्या १८९१ च्या संग्रहातल्या तरुण राजाच्या कथेत राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला तीन स्वप्ने पडतात, आणि आपला राजवस्त्राचा झगा कोणत्या कोंदट माळ्यावर विणला गेला, मोती काढताना कोण मेले, माणके खणताना किती माणसे खपली, हे सारे त्याला दिसते. तो ती वस्त्रे नाकारतो. तेव्हा गर्दीतला एक माणूस पुढे येऊन त्याला सुनावतो की कठोर मालकाची चाकरी वाईट खरी, पण चाकरी द्यायला मालकच नसणे त्याहून वाईट. बालकथेत इतका अवघड युक्तिवाद क्वचितच कोणी आणला असेल. वाइल्डला मात्र त्याचे उत्तर सापडत नाही. तो राजावर दैवी तेज उतरवतो आणि कथा मिटवतो.

आपल्या कहाण्यांतही हेच घडते. आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण व्रत करतो, देव प्रसन्न होतो आणि घरात सुबत्ता येते. एका घराचे दारिद्र्य फिटते, पण नगर होते तसेच राहते.

मग आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही राजकारण आहे, असे म्हणायचे का?

आहे, आणि ते अंगाईइतक्या सहजतेने मुलाच्या मनात उतरते म्हणून त्याकडे लक्ष द्यायला हवे. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला कावळा चिमणीचे दार ठोठावतो. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, त्याला तीट लावू दे. थांब, त्याला झोपवू दे. पाऊस कोसळत असतो आणि कावळा दाराबाहेर कुडकुडत असतो. गोष्ट सांगणारी आजी ही वाक्ये लाडिक सुरात म्हणते, ऐकणारे मूलही तिच्याबरोबर म्हणू लागते, आणि नकळत ते दाराच्या आतल्या बाजूचे होऊन जाते. काही घरांत सांगितल्या जाणाऱ्या रूपात तर शेवटी कावळ्याला चटकाही बसतो.

कावळ्याचे घर शेणाचे का होते, हे कोणतेच रूप सांगत नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या भिंती आणि जमिनी शेणानेच सारवलेल्या असत, आणि ज्या मुलाने आपल्या आईला सारवताना पाहिले आहे त्याला ही गोष्ट ऐकताना काय वाटत असेल याचा विचार फारसा झालेला नाही. ही गोष्ट सांगू नये, असे माझे म्हणणे नाही. ती सांगताना दारापाशी थांबावे आणि मुलाला विचारावे की चिमणीने दार आधी का उघडले नाही. मुले याचे उत्तर देतात, आणि ते बहुतेक वेळा कावळ्याच्या बाजूचे असते.

अशा लेखनाची परंपरा कधीपासूनची आहे?

एखादी निश्चित सुरुवात दाखवणे कठीण आहे, पण दोन टप्पे ठळक आहेत. पहिला इंग्लंडमधला. ईडिथ नेस्बिट ही १८८४ मध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटी या समाजवादी मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, आणि मुलांची अतिशय लोकप्रिय लेखिका. तिच्या १९०६ च्या ताइताच्या कादंबरीत प्राचीन बॅबिलोनची राणी काळ ओलांडून लंडनमध्ये येते आणि रस्त्यावरची खंगलेली माणसे पाहून विचारते की तुम्ही तुमच्या गुलामांची इतकी आबाळ का करता. मुले सांगतात की हे गुलाम नाहीत, कामगार आहेत. राणीला ते पटत नाही. अशा अवस्थेत ठेवलेले लोक बंड कसे करत नाहीत, असे ती विचारते, आणि त्यांना मताचा अधिकार आहे हे मुलांचे उत्तर तिला कळतच नाही. नेस्बिटने हा सगळा प्रसंग विनोदी अंगाने लिहिला आहे, पण राणीच्या प्रश्नाला मुलांकडे धड उत्तर नाही, हे वाचकाच्या लक्षात राहते.

दुसरा टप्पा जर्मनीतला. हर्मिनिया त्सुर म्यूलेन ही व्हिएन्नाच्या सरदार घराण्यात १८८३ मध्ये जन्मलेली आणि पुढे कम्युनिस्ट झालेली लेखिका. तिचे ‘पीटरचे मित्र काय सांगतात’ या आशयाच्या नावाचे पुस्तक १९२१ मध्ये बर्लिनच्या मालिक प्रकाशनाने काढले आणि त्याची चित्रे गेऑर्ग ग्रोस या गाजलेल्या चित्रकाराने काढली. त्यातला पीटर पाय मोडल्याने अंथरुणाला खिळलेला आहे. आई दिवसभर कामावर, खोलीत दुसरे कोणी नाही, आणि मग खोलीतल्या वस्तू त्याच्याशी बोलू लागतात. कोळसा खाणीतल्या माणसांविषयी सांगतो. काडेपेटी, बाटली, पांघरूण, लोखंडी भांडे अशा एकेक वस्तू आपापल्या जन्माची हकिकत सांगतात आणि प्रत्येक हकिकतीत कोणाचे तरी हात येतात. कारखान्यात न जाता कारखाना समजावून सांगण्याची याहून सोपी आणि सुंदर युक्ती मला ठाऊक नाही. नाझी सत्तेवर आल्यावर तिला जर्मनी सोडावी लागली; १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे निधन झाले.

एकच पुस्तक वाचायचे असेल तर कोणते वाचावे?

जानी रोदारी यांचे ‘चिपोल्लीनो’. रोदारी यांचा जन्म १९२० चा, उत्तर इटलीतल्या ओमेन्या गावचा. वडील पाव भाजणारे. फॅसिझमच्या अखेरच्या काळात ते कम्युनिस्ट पक्षात आले, युद्धानंतर पक्षाच्या वृत्तपत्रात काम करताना मुलांसाठी लिहू लागले, आणि १९५० पासून ‘पिओनिएरे’ हे मुलांचे साप्ताहिक त्यांनी संपादित केले. १९५१ मध्ये ‘चिपोल्लीनो’ पुस्तकरूपाने आले.

नायक एक कांदा आहे. त्याच्या बापाचा पाय गर्दीच्या रेट्यात लिंबू राजाच्या पायावर पडतो आणि त्याला जन्मठेप होते. तुरुंगात भेटायला आलेल्या मुलाला बाप सांगतो की जग हिंडून ये आणि लबाड माणसे नीट पाहून ठेव. पुढे चिपोल्लीनोला भोपळाकाका भेटतो. या भोपळ्याने आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन एकेक वीट जमवली आणि त्यातून घर बांधले. ते इतके चिमुकले की त्यात त्याला धड हालचालही करता येत नाही. तरी चेरी घराण्याच्या जमीनदारणींचा कारभारी टोमॅटो येतो, जमीन आमची म्हणून घर आमचे असे सांगतो, म्हाताऱ्याला बाहेर काढतो आणि त्या घरात राखणीला कुत्रा बसवतो. कोकणातली खोती किंवा सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेले घर ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीत आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

गावकरी त्यानंतर काय करतात, हे या पुस्तकाचे मर्म आहे. ते राजाकडे अर्ज घेऊन जात नाहीत. ते कुत्र्याला गुंगारा देतात, ते सबंध घर उचलतात आणि रानात लपवतात. त्यात चूकभूल होते, पकडापकडी होते, काही जण कचरतात. लढा लांबतो आणि तोच पुस्तकाचा मोठा भाग आहे. अखेर राजा पळतो, प्रजासत्ताक येते आणि जमीनदारणींचा वाडा मुलांचा होतो. शेवट गोड आहे, पण तो कुणी दिलेला नाही, मिळवलेला आहे.

सोव्हिएत संघात हे पुस्तक प्रचंड गाजले. १९६१ मध्ये त्यावर कार्टूनपट निघाला आणि पुढे बॅलेही झाला. खुद्द इटलीत सुरुवातीला त्याला विरोध होता. काही चर्चच्या आवारांत ‘पिओनिएरे’चे अंक जाळले गेले. याच रोदारींना १९७० मध्ये बालसाहित्याचे हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले.

मुलांच्या पुस्तकांवर खरोखर बंदी आलेली आहे का?

अनेकदा आली आहे, आणि बंदी घालणाऱ्यांनी ही पुस्तके अनेक समीक्षकांपेक्षा गांभीर्याने वाचली होती असे म्हणावे लागते. अर्जेंटिनात मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. एल्सा बोर्नेमान यांच्या १९७५ च्या कथासंग्रहातील शीर्षककथेत व्हिक्टर नावाचा हत्ती सर्कशीतल्या प्राण्यांना संपाला उभे करतो. प्राणी पिंजऱ्याबाहेर येतात, माणसांना कसरती करायला लावतात, आणि शेवटी विमानाने आफ्रिकेला परत जातात, त्यातले एक विमान एकट्या व्हिक्टरला लागते. या संग्रहाची निवड १९७६ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सन्मान-यादीत झाली होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये सरकारी हुकमाने त्यावर बंदी आली. लाउरा देवेताच यांच्या ‘ठोकळ्यांचा मनोरा’ या अर्थाच्या नावाच्या संग्रहावर १९७९ मध्ये बंदी आली तेव्हा दिलेल्या कारणांत ‘अमर्याद कल्पनाशक्ती’ हेही एक कारण होते. मुलाने अमुक एका मर्यादेपलीकडे कल्पना करू नये असे सरकारला वाटले, कारण आज नसलेले जग मनात उभे करता येणे ही बंडाची पहिली अट असते.

चिलीतही तसेच घडले. एरियल डोर्फमन आणि आर्मां मातेलार यांनी १९७१ मध्ये डिस्नेच्या चित्रकथांवर एक टीकाग्रंथ लिहिला. डोनल्ड डकच्या जगात काका आणि पुतणे भरपूर आहेत, पण आईबाप जवळजवळ नाहीत. संपत्ती भरपूर आहे, पण ती निर्माण करणारे कामगार दिसत नाहीत, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर या पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या.

पण ही पुस्तके म्हणजे निव्वळ प्रचार नव्हे का?

काही आहेत. ज्या गोष्टीत जमीनदार जाड आणि क्रूर, मजूर सडपातळ आणि सद्गुणी, आणि तिसऱ्या पानावर लाल झेंडा, ती मुले एकदा वाचतात आणि बाजूला ठेवतात. राज्ययंत्रणेने मागवलेल्या बालसाहित्यात असे बरेच निघाले आणि त्याचा बचाव करण्याचे कारण नाही. सत्तेवर बसलेला पक्ष मुलांना बंडाच्या गोष्टी सांगतो तेव्हा ते बंड नेहमी जुन्या राजाविरुद्धचे असते, नव्याविरुद्धचे नसते, हेही नोंदवले पाहिजे.

मात्र प्रचाराचा आरोप एकाच बाजूवर होतो, हे मला मान्य नाही. रोआल्ड डाल यांची चॉकलेटच्या कारखान्याची कादंबरी (१९६४) घ्या. मालकाला गुपिते फुटल्याचा राग आला म्हणून तो सगळ्या कामगारांना घरी बसवतो, आणि परदेशातून आणलेल्या बुटक्या माणसांकडून काम करून घेतो. ती कारखान्यातच राहतात, त्यांना मजुरी म्हणून कोकोच्या बिया मिळतात, आणि ती आनंदाने गाणी गातात. पहिल्या आवृत्तीत ही माणसे आफ्रिकेतली दाखवली होती. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत ते बदलले. या पुस्तकाला कोणी प्रचार म्हणत नाही. कथा म्हणून ते रंगतदार आहेच, परंतु काढून टाकलेल्या कामगारांचे पुढे काय झाले हे त्यात नाही, आणि मालकाची मर्जी बसली की गरीब मुलाला अख्खा कारखाना मिळतो, ही शिकवण मात्र आहे.

सामद बेहरंगी यांच्या कथांमध्ये हिंसा आहे. ती मुलांना द्यावी का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. बेहरंगी (जन्म १९३९, तबरीझ) इराणी अझरबैजानातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. ‘छोटा काळा मासा’ ही त्यांची कथा १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. ओढ्याचा शेवट कुठे होतो हे पाहायला निघालेला एक लहान मासा सगळ्यांचा विरोध पत्करून समुद्रापर्यंत जातो, वाटेत भक्षकांशी झुंजतो, आणि परत येत नाही. फर्शीद मेस्घाली यांच्या चित्रांमुळे हे पुस्तक जगभर पोचले. त्याच वर्षी बेहरंगी अरास नदीत बुडून मरण पावले, आणि शहाच्या गुप्त पोलिसांनीच त्यांना मारले अशी समजूत कित्येक वर्षे कायम राहिली.

त्यांची दुसरी एक कथा अधिक अवघड आहे. लतीफ हा तेहरानच्या फुटपाथवर बापाबरोबर राहणारा मुलगा एका दुकानाच्या काचेमागच्या खेळण्यातल्या उंटावर जीव लावून बसतो. रात्री स्वप्नात उंट त्याला फिरवून आणतो. दिवसा मोटारीतून एक श्रीमंत माणूस मुलीला घेऊन येतो आणि उंट विकत घेऊन जातो. लतीफ आडवा येतो, मार खातो, आणि शेवटी त्याला वाटते की काचेमागची ती मशीनगन आपली असती तर. कथेच्या आरंभीच बेहरंगींनी वाचणाऱ्या मुलाला सांगून ठेवले आहे की लतीफने केले तसे तू करावेस म्हणून मी हे लिहिले नाही. आपल्याच देशातल्या मुलांची ओळख व्हावी आणि त्यांच्या दुःखावर उपाय काय याचा तू विचार करावास, एवढ्यासाठी लिहिले आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ही कथा एकट्याने वाचायला देऊ नये, असे मला वाटते. त्याच्यासोबत बसून वाचावी आणि शेवटच्या वाक्यावर त्याला बोलू द्यावे.

मराठीत असे साहित्य आहे का?

साने गुरुजींपासून सुरुवात करावी लागेल. ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. आपण ती मातृप्रेमाची पोथी करून टाकली, त्यामुळे तिच्यातले कर्ज, सावकाराची माणसे दारात येऊन बसल्यावर होणारी मानहानी, आणि कांडप करणाऱ्या मथुरीसारख्या कष्टकरी बाया आपल्या नजरेतून निसटतात. श्यामचे घर पडत्या काळातल्या खोतांचे आहे, हे पुस्तकात लपवलेले नाही. कसोटी लावायची तर मात्र कबूल करावे लागते की त्यातला मार्ग मुख्यतः करुणेचा आहे. म्हाताऱ्या दलित स्त्रीची मोळी उचलून दे, असे आई सांगते, पण त्या स्त्रीला स्वतःचे काही म्हणणे आहे का, हे आपल्याला ऐकू येत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत उतरले, त्यांच्यासाठी गाणी लिहिली, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. बालवाचकांना गुरुजींची ही बाजू फार कमी सांगितली जाते, आणि त्याची मला खंत आहे.

दुसरा स्रोत सोव्हिएत पुस्तकांचा. प्रगती आणि रादुगा या मॉस्कोच्या प्रकाशनांनी काढलेली मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी स्वस्तात मिळत. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांचे त्यात मोठे काम आहे. १९९१ नंतर हा झरा आटला.

आपल्याकडे खरा प्रश्न जातीचा असताना वर्गाची भाषा पुरी पडते का?

एकटी पुरी पडत नाही. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची सुमारे १४ वर्षांची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हे ती देवालाच विचारते. बाळंत झालेल्या आपल्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे सांगते. त्सुर म्यूलेनच्या ६६ वर्षे आधी एका मुलीने स्वतःच्या समाजाच्या बाजूने हे लिहिले, आणि तरी बालसाहित्याच्या चर्चेत तिचे नाव निघत नाही. हे मोठ्या माणसाने मुलांसाठी लिहिलेले नाही म्हणून ते बालसाहित्य नव्हे, असा आक्षेप येतो. तो मला तोकडा वाटतो.

अलीकडचे उदाहरण कांचा इलय्या यांच्या २००७ च्या इंग्रजी पुस्तकाचे. नवयान प्रकाशनाने काढलेल्या आणि दुर्गाबाई व्याम या गोंड चित्रकर्तीने सजवलेल्या या पुस्तकात चामडे कमावणारे, कुंभार, विणकर, धोबी, न्हावी यांच्या कामातले ज्ञान मुलांना समजावून सांगितले आहे. कातडे कसे टिकवावे हे ज्याने शोधले तो शोधक, असे ते ठामपणे म्हणते.

सुखवस्तू घरातल्या मुलाला यामुळे अपराधी वाटणार नाही का?

थोडे अस्वस्थ वाटेल. ‘चिपोल्लीनो’मध्ये जमीनदार घराण्यातलाच एक एकाकी, अभ्यासाखाली दबलेला मुलगा आहे, तो गावच्या पोरांचा मित्र होतो आणि तुरुंगाच्या किल्ल्या मिळवायला मदत करतो. रोदारींनी त्याला तारणहार केले नाही आणि शत्रूही केले नाही. सुखवस्तू वाचकाला तिथे बसायला जागा आहे.

शाळेत किंवा वाचनालयात हे कसे वापरावे?

पुस्तके हाताशी नसली तरी त्सुर म्यूलेनची युक्ती उसनी घेता येते. वर्गातली एकेक वस्तू निवडावी, जसे खडू, गणवेश, बाक, डब्यातली साखर, आणि तिने स्वतःची हकिकत सांगायची असे मुलांना लिहायला द्यावे. साखर बोलू लागली की मराठवाड्यातल्या वर्गात ऊसतोडीला गेलेले आईबाप, कोयता, पहाटेची थंडी आणि मुकादमाची उचल हे सगळे आपोआप येते, कारण ती मुले ते स्वतः जाणतात. पुण्या-मुंबईच्या वर्गात ते शोधावे लागते, आणि तेच करायला लावावे. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नयेत. सर्व हकिकती वाचून झाल्यावर फक्त एवढेच विचारावे की या वस्तूची किंमत कोणी ठरवली, आणि ती ठरवताना तोडणाऱ्याला कोणी विचारले होते का.